कोऱ्या नोटेवरचा बट्टा

जाताना खिशात काय न्यायचं, हा पहिला प्रश्न. पाचशेची नोट चालणार नाही. 1918 च्या यवतमाळात तसला रंगीत कागद पुढे केलात तर तुम्ही एखाद्या ताकदीच्या औषधाची जाहिरात वाटत फिरताहात असं लोक समजतील. म्हणून निघण्याआधी सराफाकडे जा आणि झिजलेले राणीछाप रुपये मागा. तो ते तराजूत टाकून चांदीच्या भावाने देईल. एक रुपया म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम, त्यात जवळपास 92 टक्के चांदी. राणीचं नाक पुसलेलं, कडा गुळगुळीत झालेल्या. लिलावाच्या कॅटलॉगमध्ये अशांना कुणी उभं करत नाही, त्यामुळे ते स्वस्त पडतात. तीस घ्या आणि प्रत्येकावरचं साल भिंगाखाली तपासा. 1862 चे बरेच निघाले तर दचकू नका, टांकसाळीने ते साल 1874 पर्यंत तसंच चालू ठेवलं होतं. एडवर्डचे चालतील. पंचम जॉर्जचे 1917 पर्यंतचे चालतील. 1919 चा एक जरी चुकून गेला, तर पुढचा प्रवास कोठडीत.

बेत तुमचा साधा आहे. टोडीवाला, ओसवाल, राजगोर यांच्यासारखी लिलावघरं मुंबईत, मरुधर बंगळुरात, क्लासिकल अहमदाबादेत. यवतमाळच्या संग्राहकाने फोनवर बोली लावायची आणि शेवटच्या दहा सेकंदांत हरायचं. अशाच एका कॅटलॉगमध्ये तुम्हाला पंचवीस नोटांचं न फाडलेलं पुस्तक दिसलं. 30 नोव्हेंबर 1917 ला निघालेली एक रुपयाची पहिली नोट, तिच्यावर पंचम जॉर्जच्या रुपयाचं चित्र, खाली एम. एम. एस. गब्बे यांची सही. अंदाजे किंमत वाचून तुम्ही पान उलटलंत. मग सुचलं, की या पुस्तकाची किंमत ज्या दिवशी पंचवीस रुपये होती त्या दिवशीच जाऊन ते का घेऊ नये?

मार्च 1918. मूर्तिजापूरला मोठी गाडी सोडून तुम्ही अडीच फुटी रुळांवरच्या छोट्या गाडीत बसता. हिला पुढे लोक शकुंतला म्हणतील. आज ती नुसती किलिक निक्सन कंपनीची गाडी आहे आणि माणसांपेक्षा कापसाच्या गाठींसाठी धावते. डब्यात रुईचे तंतू तरंगताहेत, शेजारच्याच्या मिशीवर बसताहेत. कारंजा येतं. 1886 मध्ये इथे कापसाचा बाजार कायद्याने बांधला गेला, देशातला असा पहिला. मग दारव्हा मोतीबाग, आणि पुढे यवतमाळ. ऊन आत्ताच डोळ्यांत घुसतंय.

सराफाकडे घाईने जाऊ नका, आधी कापसाच्या बाजारात उभे राहा. बोली लावायला शिकायचं तर याहून चांगली शाळा नाही. बैलगाड्यांच्या रांगा, जू उतरवलेले बैल, आणि मधोमध दोन दलाल एकमेकांचा हात धरून उभे, हातांवर रुमाल. ओठ हलत नाहीत. रुमालाखाली बोटं चेपली जातात, भाव ठरतो, आणि ज्याचा कापूस आहे तो कास्तकार दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहत राहतो. तुमच्या ओळखीचं काहीतरी आहे यात. रिझर्व किंमत गुप्त, लेखी बोली बंद लखोट्यात, पडद्यावर नुसता बोलीदाराचा नंबर: शंभर वर्षांनंतरचा वातानुकूलित हॉलही एक रुमालच आहे. फरक एवढाच, की इथे रुमालाबाहेर राहतो तो विकणारा; तिथे घेणारा.

सौदा झाल्यावर पैसे मोजले जातात ते पाहा. थैल्यांतून. मुनीम रुपये दगडावर टाकतो, खणखणीत वाजला तो इकडे, बद्द वाजला तो तिकडे. युद्धामुळे कापसाचा भाव चढलाय, पण नोट दिली की कास्तकार हात मागे घेतो. त्याचं चुकतंय असं म्हणू नका. कागद मडक्यात घालून पुरता येत नाही, वाळवी खाते. पावसात भिजला की लगदा. उलट बाजूला आठ देशी भाषांत एक रुपया लिहिलंय म्हणे, पण वाचता येत नसेल तर आठ काय अन् एक काय.

आता सराफाचं दुकान. गादीवर बसलेला माणूस तुमचे तीस रुपये एकेक करून वाजवतो आणि त्याचा चेहरा उजळतो. तुम्ही सांगता, मला नोटा हव्यात.

"कागद? कायले बाप्पा?"

"नव्या हव्यात. एक रुपयाच्या. पुस्तक असेल तर पुस्तकच."

तो मुनिमाकडे पाहतो. सरकारी कचेरीतून पगाराबरोबर आलेले कागद त्याच्याकडे पडून आहेत, कोणी घेत नाही, आणि हा परदेशी दिसणारा माणूस चांदी देऊन कागद मागतोय. "राव, बट्टा समजते ना तुमाले? चांदीच्या रुपयावर शेकडा पाच जास्त देतो मी तुमाले. उद्या येसान त सातबी देईन."

इथे थांबून हिशेब करा, कारण हा हिशेब कुठल्याच कॅटलॉगमध्ये मिळत नाही. ज्या वस्तूसाठी तुम्ही शंभर वर्षांनंतर लाख मोजायला तयार होता, ती घ्यावी म्हणून आज तुम्हालाच वर पैसे देताहेत. युद्धाने चांदी गिळली आहे. गेल्या जूनपासून रुपया वितळवणं गुन्हा आहे, तरी लोक तो दडवतातच. नोट घेऊन आलेल्याला चांदी द्यायची वेळ आली तर सरकारची तिजोरी तळाला लागेल, अशी स्थिती आहे. एप्रिलमध्ये अमेरिकेची संसद पिटमन कायदा करील आणि तिथल्या तिजोरीतले डॉलर वितळून 20 कोटी औंस चांदी हिंदुस्थानकडे निघेल, तेव्हा कुठे दिल्लीतल्या साहेबांना झोप लागेल. नोटेवर छापलंय की मागताक्षणी रुपया देऊ. यवतमाळच्या या गादीवर त्या वचनाची किंमत पंधरा आणे आणि काही पै आहे.

सत्तावीस रुपये त्याला द्या. बदल्यात पंचवीसचं एक पुस्तक मिळतं, छिद्रांची कड शाबूत, कागद पांढरा, इतका कडक की बोटाने वाजवावा. शिवाय एक अडीच रुपयांची नोट, 2 जानेवारीला निघालेली, मुंबई सर्कलचं बी अक्षर असलेली. बट्ट्याचे उरलेले साडेतेरा आणे सुटे. अडीचची नोट पाहून तुमचा घसा कोरडा पडतो. तेवढ्यात सराफ अंगठ्याला थुंकी लावून ती चाचपतो, आणि तुम्ही "नका, नका!" म्हणेपर्यंत मधोमध घडी घालून तुमच्या तळहातावर ठेवतो.

"घडी नाइ घालाची त काय सुरळी कराची?"

त्याच्या आजोबांच्या काळात हे आणखी बिकट होतं, तेही त्याच्याकडून ऐकून घ्या. अकोला आणि नागपूर ही तेव्हा नोटांची वेगवेगळी सर्कलं होती. एका सर्कलची नोट दुसऱ्यात कायदेशीर चलन नव्हती. व्यापारी मोठी नोट मधून कापायचे, अर्धी आधी टपालाने पाठवायचे, पोच आली की उरलेली. पलीकडचा दोन्ही तुकडे चिकटवायचा. आज अकोला सर्कलची नोट दिसली तर संग्राहक उठून उभे राहतात.

बाजारातून स्टेशनकडे जाताना दिग्रसकडच्या तांड्यावरून आलेल्या बाया दिसतात. फेटिया, कांचळी, आरसे, आणि गळ्यात रुपयांची माळ. तुमचा डोळा आता सवयीने साल शोधतो. एकीच्या माळेत, बरोबर मध्ये, 1911. राज्याभिषेकाच्या वेळचा हा रुपया. राजाच्या झग्यावरच्या हत्तीची सोंड इतकी आखूड कोरली गेली, की लोकांना तो डुक्कर दिसला. बोभाटा झाला, टांकसाळीने रुपये परत बोलावले, 1912 पासून हत्ती नीट केला. पाडले होते 94 लाखांच्या आसपास, बाहेर पडले होते सुमारे 7 लाख, उरलेले वितळले. त्या सात लाखांतला एक इथे आहे, आणि वरच्या कडेला सोनाराने कडी डाखलीय. राजाच्या मुकुटावर चांदीचा थेंब गोठलाय.

तुमचा संग्राहक आत कळवळतो. कडीमुळे याची किंमत संपली. पण जरा त्या बाईच्या बाजूने पाहा. तिच्या लेखी मुंबईत पाडलेला तो नुसता पांढरा तुकडा होता. कडी बसली तेव्हा तो तिचा झाला. बँक नाही, कुलूप नाही, तांडा हलला की ठेव अंगावर हलते. मला विचाराल तर यवतमाळच्या नाण्याची ओळख या डागातच आहे. लिलाव ज्याला व्यंग म्हणतो, ती जिल्ह्याची सही आहे. बिनवापरलेलं, आरशासारखं नाणं सगळीकडे सारखंच. ते मुंबईच्या टांकसाळीतून निघून कपाटात गेलेलं, त्याला गाव नसतं.

तिला भाव विचारू नका. विचारलात तर काय होईल हे तिच्याबरोबरच्या म्हातारीच्या नजरेतच दिसतंय.

स्टेशनवर तिकीटबाबूला चांदी द्यायची नाही असं तुम्ही ठरवता. उरलेले तीन रुपये परतीत उपयोगी पडतील. पुस्तक तर फाडायचंच नाही. मग राहते ती घडी पडलेली अडीचची नोट. एवीतेवी बिघडलीच आहे ती, असं म्हणत तुम्ही ती खिडकीतून आत सरकवता. बाबू तोंड वाकडं करून घेतो, चिल्लर परत देतो.

येताना 1940 वर एक धावता थांबा घेऊन पाहा, मोह असेलच तर. 1939 च्या रुपयासाठी. यवतमाळच्या कुठल्याही पेढीवर तो मिळणार नाही. मुंबईच्या टांकसाळीत पाडला, पण जवळजवळ सगळा पुन्हा भट्टीत गेला. 1940 पासून रुपयात चांदी निम्मीच. लिलावात आज त्याला लाखांनी बोली लागते आणि 1938 चा आकडा कोरून बनवलेले नकली त्याहून जास्त फिरतात. चार-पाच वर्षं पुढे सरकलात तर नोटेवर चिंतामणराव देशमुखांची सही दिसेल, महाडजवळच्या नाते गावच्या माणसाची. 12 जानेवारी 1946 ला रद्द झालेली दहा हजारांची नोट त्यानंतर कुणाकडे दिसली तर ती खजिन्याकडे पळत निघालेली असेल. तुम्ही तिच्यामागे पळू नका.

पुस्तक घरी कसं आणायचं याचा एक हुशार मार्ग तुम्हाला सुचला होता: कळंबजवळ एखाद्या धुऱ्यावर डब्यात घालून पुरायचं आणि आज जाऊन उकरायचं. बरं झालं तसं केलं नाहीत. 1878 चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत सापडलेली दहा रुपयांवरची वस्तू कलेक्टरला कळवावी लागते, आणि हा दहाचा आकडा तेव्हापासून कुणी बदललेला नाही. शंभर वर्षांच्या आत कुणी पुरल्याचं सिद्ध झालं तर मालकाचा हक्क. तुम्ही स्वतःच पुरलं, पण शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, म्हणजे तुमचा मालकी हक्क गेला. उकरणारे म्हणून तुम्हाला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक. सरकारने ठेवून घ्यायचं म्हटलं तर मोबदला मालाच्या किमतीवर एक पंचमांश, आणि कागदाच्या मालाची किंमत किती ते तुम्ही जाणताच. हा कायदा संग्राहकांना आवडत नाही, मला आवडतो. दारव्ह्याच्या पलीकडे, मंगरूळपीर तालुक्यात, तऱ्हाळ्याला 1939 मध्ये सातवाहनांची दीड हजाराहून अधिक नाणी एकत्र सापडली आणि एकत्र राहिली, म्हणून वा. वि. मिराशींना त्यांत पुराणांच्या यादीत नसलेले राजे वाचता आले. ती लॉटालॉटाने फुटली असती तर प्रत्येकाच्या कपाटात एकेक नाणं असतं, आणि राजे कुणाच्याच नाही.

आता मुंबई, आजचा दिवस, लिलावाचा हॉल. सकाळी तुम्ही पुस्तक तपासनिसाला दाखवलंत. त्याने ते उजेडासमोर धरलं, वास घेतला, जलचिन्ह पाहिलं, छिद्रं मोजली. सगळं बरोबर होतं आणि तेच त्याला खटकलं. "इतकी कोरी? कागदाला वयच नाही. कुणाच्या संग्रहातली? जुनं बिल?" तुम्ही यवतमाळ म्हणालात. तो हसला. त्या हवेत, त्या वाळवीत, अशी नोट? पुस्तक नम्रपणे परत. त्याच्या जागी मी असतो तर मीही परत केलं असतं.

तुम्ही मागच्या रांगेत बसता. तीन डुक्कर-रुपयांचा एक लॉट येतो, वर्णनात लिहिलंय, कडी काढल्याची खूण. कुणी पॅडल उचलत नाही. तुम्ही उचलता आणि मूळ बोलीवरच मिळतो. हातोड्याच्या किमतीवर लिलावघराचं कमिशन, त्यावर जीएसटी. पुरावस्तू कायदा 1972, शंभर वर्षं उलटलेलं नाणं देशाबाहेर नेता येणार नाही, इथे सही करा.

पुढचा लॉट. अडीच रुपये, 1918, गब्बे, मुंबई सर्कल, मधोमध एक घडी, बाकी उत्तम. तुम्ही खुर्चीत पुढे सरकता. तीच की दुसरी, सांगता येत नाही, नंबर लिहून घ्यायचं तुम्हाला सुचलंच नव्हतं. लाखाची बोली झाली आहे. फोनवरचा कुणीतरी दहा हजारांनी चढतो. पहिल्या रांगेतले गृहस्थ पॅडल खाली ठेवायला तयार नाहीत. लिलावकर्ता तुमच्याकडे पाहून विचारतो, "मागे कोणी?"