डोळ्यांपुढील तटबंदी

एकोणिसाव्या शतकाच्या अगदीं आरंभींची गोष्ट आहे. विल्यम हाइड वुलस्टन नांवाचा एक इंग्रज शास्त्रज्ञ दोन-तीन तास चांगलीच अंगमेहनत करून रस्त्यानें चालला होता. समोरून एक गृहस्थ आला, तों वुलस्टनला त्याचा अर्धाच चेहरा दिसला! एका दारावर 'जॉन्सन' असें नांव होतें. तें वाचावयास जातां आरंभीचीं अक्षरें पार पुसलेलीं आणि 'सन' तेवढें शिल्लक. उजव्या डोळ्यानें पाहिलें तरी तेंच, डाव्या डोळ्यानें पाहिलें तरी तेंच. सुमारें पाव तासानें हा प्रकार आपोआप नाहींसा झाला व दृष्टि पूर्ववत् झाली.

दुसरा कोणी असता तर घाबरून वैद्याकडे धांवला असता, किंवा भुताखेताच्या नांवानें नारळ फोडून मोकळा झाला असता. वुलस्टन हा स्वतः वैद्यक शिकलेला होता. पुढें तो व्यवसाय सोडून रसायनशास्त्राकडे वळला आणि पॅलेडियम व ऱ्होडियम या दोन धातूंचा शोध लावून कीर्तिमान् झाला. त्यानें त्या पाव तासाचा विचार कित्येक वर्षें मनांत वागविला. वीस वर्षांनंतर असाच दुसरा प्रसंग आला, तेव्हां १८२४ सालीं त्यानें एक निबंध लिहिला. दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचें दिसेनासें होतें, त्या अर्थीं दोष डोळ्यांत नसून डोळ्यांच्या पाठीमागें, जेथें दोहोंच्या नसा एकत्र येऊन अर्ध्या अर्ध्या वांटल्या जातात तेथें असला पाहिजे, असें त्याचें अनुमान होतें. तें पुढें खरें ठरलें. मात्र १८२८ सालीं वुलस्टन वारला व त्याच्या मेंदूची तपासणी झाली, तेव्हां आंत एक गांठ सांपडली. तेव्हां पहिला झटका निरुपद्रवी होता आणि दुसरा त्या गांठीचा होता, कीं काय होतें, हें आज कोण सांगणार? एकच लक्षण एका माणसाला अर्ध्या तासाची गंमत दाखवून जातें व दुसऱ्याला गंभीर रोगाचा निरोप देतें. या विषयाचा सारा इतिहास म्हणजे हे दोन निरोप वेगळे ओळखण्याची धडपड होय.

ज्या रोगाची ही छाया, त्याला आपल्याकडे अर्धशिशी म्हणतात. हें दुखणें मुळींच नवें नाहीं. सुश्रुतानें शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'अर्धावभेदक' आहे: डोक्याचा अर्धा भाग फुटल्यासारखा, टोचल्यासारखा होतो, भोवळ येते, आणि हें दुखणें पंधरवड्यानें, दहा दिवसांनीं किंवा अकस्मात् उलटतें. हा रोग फार बळावला तर डोळा किंवा कान निकामी करतो, अशी भीति चरकसंहितेंत घातलेली आहे. ग्रीक वैद्य गॅलेन यानें त्यास 'हेमिक्रेनिया', म्हणजे अर्ध्या कवटीचें दुखणें, असें नांव दिलें. तेंच झिजतझिजत 'मायग्रेन' झालें. आपल्या घरांतून सूर्योदयापूर्वीं दुधाबरोबर जिलबी खाण्याचा, कपाळावर सुंठ उगाळून लावण्याचा प्रघात आहे. त्यानें कोणास किती गुण येतो तो येवो. परंतु डोक्यास घट्ट फडकें बांधून, खिडक्या लावून अंधाऱ्या खोलींत पडलेली बाई पाहिली कीं शेजारपाजारच्या मंडळींस तिचें दुखणें कामचुकारपणाचें वाटतें, ही गोष्ट जिलबीहून अधिक जुनी असावी. स्त्रियांमध्यें हा रोग पुरुषांच्या सुमारें तिप्पट आढळतो. तेव्हां हा आळ बहुधा स्त्रियांच्याच वांट्यास आला.

योग्य उपचार न मिळणें म्हणजे काय, हें लेडी अ‍ॅन कॉन्वे हिच्या चरित्रावरून कळतें. ही सतराव्या शतकांतील मोठी तत्त्वचिंतक स्त्री होती. लहानपणापासून तिचें डोकें दुखे, आणि तें दुखणें जन्मभर टिकलें. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा विल्यम हार्वे, मेंदूच्या शास्त्राचा जनक थॉमस विलिस, असे त्या काळचे पहिल्या प्रतीचे वैद्य तिला लाभले. पारा देऊन झाला. डोक्याची कवटी भोंक पाडून उघडावी म्हणून १६५६ सालीं ती फ्रान्सला गेली. तेथें शस्त्रवैद्यांचें धैर्य झालें नाहीं, म्हणून त्यांनीं नुसत्या रक्तवाहिन्या उघडल्या. १६६६ सालीं हात फिरवून रोग घालविणारा एक आयरिश मनुष्य मुद्दाम बोलावून आणला. त्याचाही हात चालला नाहीं. १६७९ सालीं ती वारली, डोकेदुखी तशीच होती. वैद्यांत बुद्धि कमी होती असें नाहीं. रोग्यानें सांगितलेलें नीट मांडून घेण्याची पद्धतच अद्याप जन्मास यावयाची होती.

ती पद्धत ज्यांनीं घालून दिली त्यांत एका बापलेकांचें नांव घ्यावें लागतें. बाप जॉर्ज बिडेल एअरी हा १८३५ पासून १८८१ पर्यंत इंग्लंडचा राजज्योतिषी होता. पृथ्वीच्या रेखांशांची शून्य रेषा ज्या दुर्बिणीवरून १८८४ सालच्या परिषदेंत बहुतेक राष्ट्रांनीं मान्य केली, ती ग्रीनिच येथील दुर्बीण याचीच. हिंदुस्थानच्या मोजणींत हिमालयाच्या ओढीनें ओळंबा जितका कलावयास हवा तितका कलत नाहीं, हें कोडें कलकत्त्याच्या प्रॅट नांवाच्या धर्माधिकाऱ्यानें मांडलें, तेव्हां १८५५ सालीं त्यावर पर्वतांच्या मुळांची उपपत्ति सुचविणारा एअरी तोच. स्वतःच्या डाव्या डोळ्यांतील वक्रतेचा दोष हेरून त्यावर खास घडणीचें भिंग करून घेणाराही तोच. अशा माणसाच्या डोळ्यांपुढें आकाश नाचूं लागलें तर तो काय करील? तो मोजमाप करील!

एअरीला मधूनमधून झटका येई. दृष्टीच्या मध्याजवळ प्रथम एक लहानसा अस्पष्ट ठिपका उमटे. वाचीत असतां त्या ठिकाणचें अक्षर दिसेना. मग त्या ठिपक्याभोंवतीं नागमोडी, करवतीच्या दात्यांसारखी चमकणारी रेषा येई. ती थरथरत असे, वाढत असे, आणि वाढतांवाढतां एका बाजूस उघड्या नालासारखी पसरत दृष्टीच्या कडेला जाऊन विरून जाई. सुमारें अर्ध्या तासाचा हा खेळ. त्यास पुढें फारसा त्रास होत नसे. परंतु आपल्या कित्येक मित्रांस मागाहून डोकें भयंकर दुखतें, असें त्यानें नमूद केलें. १८६५ सालीं त्यानें आकृत्यांसह हें सर्व प्रसिद्ध केलें. डेव्हिड ब्रूस्टर या प्रख्यात शास्त्रज्ञाचें मत असें होतें कीं, बिघाड डोळ्याच्या आंतल्या पडद्यांत आहे. एअरीला तें पटलें नाहीं. दोन्ही डोळ्यांना एकच आकृति दिसते, त्या अर्थीं मूळ मेंदूंत आहे, असें तो म्हणाला. हाच वुलस्टनचा न्याय.

त्याचा मुलगा ह्यूबर्ट यास तोच वारसा मिळाला. १८५४ सालीं, सोळाव्या वर्षाच्या सुमारास, त्यास पहिला झटका आला. हा मुलगा पुढें डॉक्टर झाला, आणि बापाच्या टिपणावर त्यानें आपलें अधिक बारकाईचें टिपण चढविलें. १८७० सालीं रॉयल सोसायटीपुढें आलेल्या त्याच्या निबंधांतील चित्रें आजही पाहणाऱ्यास थक्क करतात. ठिपका कसा उमटला, किती वेळानें कोठवर आला, रंग कोठें दिसले, कोपरे कोठें मोठे आणि कोठें बारीक झाले, हें त्यानें पायरीपायरीनें काढलें आहे. त्या दांतेरी रेषेंत त्याला जुन्या किल्ल्याच्या बुरुजांची तटबंदी दिसली, म्हणून त्यानें ग्रीक शब्दांवरून त्यास 'टायकॉप्सिया', म्हणजे तटदर्शन, असें नांव ठेवलें. रायगड-प्रतापगड पाहिलेल्या मराठी माणसास ही उपमा सहज पटेल. मात्र युरोपांतल्या त्या शहरांचे तट कोनाकोनांचे असत, हें ध्यानांत ठेवावें. ह्यूबर्टनें आणखी एक गोष्ट लपविली नाहीं. डोळ्यांपुढचा खेळ चालू असतां कधीं कधीं बोलणें अडतें, शब्द आठवत नाहींत. ज्या माणसाची वाचा अशी क्षणभर जाते, त्याच्या मनांत पक्षघाताचें भय उभें राहिल्यावांचून राहत नाहीं. तें भय कागदावर उतरविणें यास धैर्य लागतें.

१८७३ सालीं एडवर्ड लिव्हिंग यानें या रोगावर मोठा ग्रंथ लिहून त्यास मज्जातंतूंचें वादळ म्हटलें. विल्यम गॉवर्स यानें अपस्मार, म्हणजे फेंफरें, आणि हा रोग यांची सरहद्द आंखली. फेंफऱ्याचें पूर्वरूप क्षणांत येऊन जातें, अर्धशिशीचें मिनिटामिनिटानें पसरतें. वेळ हीच मुख्य खूण. आयुर्वेदांतील 'पूर्वरूप' हा शब्द येथें फार सोयीचा आहे. डॉक्टर त्यास 'ऑरा' म्हणतात.

ही तटबंदी मेंदूंत बांधतो कोण, हें कळावयास मात्र विसावें शतक उजाडावें लागलें. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यास हाच विकार होता. आपल्या दृष्टींतील रेषा किती वेळांत किती सरकते हें त्यानें आंखून ठेवलें, आणि मेंदूच्या पाठीमागच्या भागांत, जेथें दृष्टीचें ज्ञान होतें तेथें, कांहीं तरी मिनिटास सुमारें ३ मिलिमीटर या गतीनें सरकत असलें पाहिजे, असा हिशेब १९४१ सालीं मांडला. मुंगीलाही लाजविणारी ही चाल! पुढें तीनच वर्षांनीं, १९४४ सालीं, हार्वर्ड येथें अपस्माराचा अभ्यास करणाऱ्या अरिस्टीडिस लेऑव या ब्राझीलच्या तरुणाला सशाच्या मेंदूंत एक चमत्कार दिसला. एका जागीं चेतविलें कीं तेथील विजेची हालचाल मावळते, आणि ही मावळती लाट मिनिटास कांहीं मिलिमीटर अशा संथ गतीनें चोहोंकडे पसरते. लॅशलीच्या आंकड्यांशीं ही गति जुळते, हें १९५८ सालीं पीटर मिल्नर यानें स्पष्ट दाखविलें. २००१ सालीं, बास्केटबॉल खेळल्यानें ज्याला हमखास झटका येई अशा एका माणसाच्या मेंदूचीं चुंबकीय यंत्रानें चित्रें घेतलीं गेलीं, तेव्हां तीच संथ लाट माणसाच्या मेंदूंतही सरकतांना दिसली. वुलस्टनची अंगमेहनत येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

औषधांची कथा थोडक्यांत सांगतां येते. राय धान्यावर येणाऱ्या अर्गट नांवाच्या बुरशीनें मध्ययुगांत गांवेंच्या गांवें हातपाय सडून मरत; त्याच विषांतून १९१८ सालीं आर्थर स्टोल यानें अर्गोटामिन काढलें व तें अर्धशिशीवर चालूं लागलें. १९६६ सालीं हृद्रोगासाठीं दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलनें एका रोग्याची अर्धशिशीही कमी झाली, असा योगायोग घडला. तें आजही झटके कमी येण्यासाठीं रोज घेण्याचें औषध आहे. सुमाट्रिप्टॅन १९९१ सालीं बाजारांत आलें. २०१८ पासून वेदनेच्या एका रासायनिक दूतास अडविणारीं इंजेक्शनेंही मिळूं लागलीं. हीं सर्व डोकेदुखीवर किंवा झटक्यांच्या संख्येवर चालतात. एकदां सुरू झालेली तटबंदी हमखास पाडील असें औषध अद्याप हातीं आलेलें नाहीं. ज्यांस ती आठवड्यांतून दोन-दोनदां दिसते त्यांनीं ती येऊन जाईपर्यंत गाडी थांबवावी, जिना उतरूं नये, शांत बसावें, एवढेंच त्या घटकेपुरतें हातीं असतें.

या रोग्याची खरी परीक्षा दवाखान्यांत होते. तेथें घाईंत 'डोळ्यांपुढें कांहीं तरी चमकतें' एवढेंच सांगितलें कीं एक डॉक्टर चष्मा बदलावयास सांगतो, दुसरा पित्ताची गोळी देतो. विचारावयाचे प्रश्न मात्र एअरी बापलेकांनींच घालून दिले आहेत: दोन्ही डोळ्यांना दिसतें कीं एकाच? हळूहळू पसरतें कीं एकदम काळोख होतो? किती मिनिटें टिकतें? पांच मिनिटांपासून एक तासापर्यंत संथपणें पसरून निघून गेलें तर तें बहुधा अर्धशिशीचें पूर्वरूप होय. एकदम एका बाजूचें अंग लुळें पडलें, एकाच डोळ्याची दृष्टि गेली, तासाहून अधिक वेळ टिकलें, किंवा पन्नाशीनंतर आयुष्यांत प्रथमच आलें, तर वाट न पाहतां रुग्णालय गांठावें लागतें, कारण तीं पक्षघाताचीं चिन्हें असूं शकतात. ज्या स्त्रियांस हें पूर्वरूप येतें त्यांनीं इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या घेण्यापूर्वीं तें डॉक्टरांस अवश्य सांगावें लागतें. त्या गोळ्यांनीं पक्षघाताचा धोका वाढतो. आणि साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यांतून पंधरा दिवस अगर अधिक घेतल्या तर त्या गोळ्यांमुळेंच नवी डोकेदुखी जडते, हें तर पुष्कळ सुशिक्षित घरांतही ठाऊक नसतें.

म्हणून चांगला डॉक्टर आजही रोग्याच्या हातीं वही देतो. तारीख, वेळ, काय खाल्लें, किती झोंप झाली, काय दिसलें, किती वेळ, जमल्यास चित्र. दोन-तीन महिन्यांच्या अशा वहीनें जें कळतें तें एका घाईच्या भेटींत कळत नाहीं.

ह्यूबर्ट एअरी १९०३ सालीं वारला. त्याच्या तटबंदीच्या आकृत्या अर्धशिशीवरील ग्रंथांतून अद्याप छापल्या जातात, आणि आपल्याला काय दिसतें हें शब्दांत सांगतां न येणारा एखादा रोगी त्या पानावर बोट ठेवून म्हणतो, 'हें, अगदीं हेंच!'