वाघनख

वाघनख : (व्याघ्रनख). वाघाच्या पंजाचे वाकडे, टोकदार नख. तसेच त्या नखाच्या आकारावरून घडविलेले, मुठीत लपविता येणारे पोलादी शस्त्र. मराठीत हा शब्द आणखी काही अर्थांनी वापरात आहे. सोन्याच्या वा चांदीच्या कोंदणात बसवून मुलांच्या गळ्यात घालावयाच्या ताइतासही वाघनख म्हणतात. विंचू किंवा वाघनखी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या (मार्टिनिया ॲनुआ) फळाला दोन वाकडे आकडे असतात व त्यांवरून तिला ते नाव मिळाले आहे. आयुर्वेदीय निघंटूंत नख, नखी अथवा व्याघ्रनख या नावांनी येणारे सुगंधी द्रव्य मात्र नख नव्हेच. ते समुद्रातील गोगलगायींच्या शंखाचे झाकण (प्रच्छद) होय. गोगलगाय आपले मऊ अंग शंखात ओढून घेते, तेव्हा हे शिंगासारखे झाकण शंखाच्या तोंडाशी घट्ट बसते. वाघाच्या नखाशी त्याचे साम्य केवळ आकारापुरते आहे. परंतु दोन्ही अवयव आत ओढले जाणारे आहेत, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

रचना : मार्जार कुलातील (फेलिडी) प्राण्यांच्या पुढच्या पायांना प्रत्येकी पाच व मागच्या पायांना प्रत्येकी चार अशी एकूण अठरा नखे असतात. नख केराटिन या शृंगद्रव्याचे बनलेले असून ते बोटाच्या शेवटच्या अंगुलास्थीवर टोपणासारखे बसलेले असते. चालताना वा विश्रांती घेताना ही शेवटची अंगुलास्थी मागे व वर वळून मधल्या अंगुलास्थीच्या बाहेरच्या बाजूस टेकलेली असते. तिला जागा मिळावी म्हणून मधली अंगुलास्थी एका अंगाने खोलगट झालेली असते. या स्थितीत नखाचे टोक त्वचेच्या घडीत राहते, जमिनीला लागत नाही व त्यामुळे झिजत नाही.

वाघ किंवा मांजर नखे आत ओढून घेते, असे सामान्यतः म्हटले जाते. परंतु शरीररचनेच्या दृष्टीने वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. नखे आत ठेवण्याचे काम स्थितिस्थापक बंध करतात व त्यासाठी स्नायूंना श्रम पडत नाहीत. नखे बाहेर काढावयाची असतात, तेव्हा बोट वाकविणारा खोल स्नायू आकुंचन पावतो, त्याची कंडरा शेवटच्या अंगुलास्थीचा खालचा भाग ओढते आणि नख पुढे व खाली झेपावते. स्नायू सैल होताच बंधांच्या ताणामुळे ते आपोआप मागे जाते. म्हणजे लपलेले नख ही विश्रांतीची आणि उघडे नख ही प्रयत्नाची अवस्था होय. मांजर झाडाच्या सालीवर किंवा गोणपाटावर पंजे ओढते, तेव्हा नखाचे जुने बाह्य आवरण निघून जाऊन आतील तीक्ष्ण टोक उघडे पडते. वाघाच्या बाबतीत खोडावरील हे ओरखडे इतर वाघांना इशारा देण्याचेही काम करतात.

या व्यवस्थेकडे विद्वानांचे लक्ष फार पूर्वी गेले होते. इ. स. पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात सिंह, बिबळे इ. प्राणी नखांची टोके मोडू अगर बोथट होऊ नयेत म्हणून ती जणू म्यानात घालून चालतात व झडप घालतानाच बाहेर काढतात, असे नमूद केले आहे. निरीक्षण अचूक आहे; त्यामागील यांत्रिक कारण मात्र शवविच्छेदनाखेरीज कळण्यासारखे नव्हते.

कुत्रा, कोल्हा, लांडगा व तरस यांची नखे नेहमी बाहेरच असतात. काही उदमांजरांची नखे अर्धवट आत जातात. चित्त्याचे स्थान यांत वेगळे आहे. त्याच्या बोटांत बंधांची व्यवस्था असते. परंतु नखे झाकणारी त्वचेची घडी अपुरी असल्यामुळे ती उघडी दिसतात व धावताना जमिनीत रुततात. जोशुआ ब्रुक्स या इंग्रज शरीररचनाशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये चित्त्याच्या प्रजातीला दिलेले ‘ॲसिनोनिक्स’ हे नाव न हलणारे नख या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून घेतले असून ते पूर्णतः यथार्थ नाही. चित्त्याच्या पुढच्या पायाचे आतले, जमिनीला न टेकणारे नख मात्र धारदार राहते व भक्ष्याला अडकवून पाडण्यास उपयोगी पडते. भारतातील चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले चित्ते मध्य प्रदेशातील कूनो येथे सोडण्यात आले. [→ चित्ता].

मिटविता किंवा आत घेता येणारे अवयव इतर प्राण्यांतही आहेत. घोणस व फुरसे यांचे लांब विषदंत तोंड मिटले असता टाळूला समांतर आडवे होतात आणि दंश करताना उभे राहतात. बहुतेक कासवे मान उभ्या वळणाने कवचात घेतात. काही कुलांतील कासवे ती एका बाजूस वळवितात. ऑस्ट्रेलियातील थायलॅकोलिओ या विलुप्त शिशुधान प्राण्याच्या अंगठ्याचे नखही मागे जाणारे होते. मार्जार कुलाशी त्याचे जवळचे नाते नसल्यामुळे ही रचना एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाली, हे उघड आहे.

पाऊलखुणा : पुणे जिल्ह्यातील जुन्नर, आंबेगाव इ. तालुक्यांत उसाच्या शेतांतून बिबळ्यांचा वावर वाढल्यापासून वरील शरीररचनेला व्यावहारिक महत्त्व आले आहे. ओल्या मातीतील ठशात नखांच्या खुणा असतील, तर तो प्राणी बहुधा तरस किंवा कुत्रा असतो. गोल ठशात नखे उमटली नसतील, तर तो बिबळ्या समजावा. निसरड्या चिखलात तोल सावरताना बिबळ्याही नखे बाहेर काढतो, हा अपवाद ध्यानात न घेतल्यास फसगत होते. पकडलेल्या बिबळ्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोह येथे निवारा केंद्र आहे.

श्रद्धा व दागिने : संस्कृतात वाघ, सिंह, कोंबडा यांसारख्या प्राण्यांना ‘नखायुध’ अशी संज्ञा आहे. हिरण्यकशिपूला शस्त्राने मरण नाही असा वर होता आणि नृसिंहाने त्यास नखांनी विदारले, या पौराणिक कथेचा सारा आधार नख हे शस्त्र नव्हे या भेदावर आहे. नीरा व भीमा यांच्या संगमावरील नीरा-नरसिंहपूर (ता. इंदापूर) हे पुणे जिल्ह्यातील या दैवताचे प्रसिद्ध क्षेत्र. वाघनखाचा ताईत मुलास दृष्ट लागू देत नाही व त्याला धीट करतो, अशी समजूत महाराष्ट्रात सर्वत्र होती. ऐपतीप्रमाणे एक नख किंवा टोके विरुद्ध दिशांना येतील अशी दोन नखे कोंदणात बसवीत.

शस्त्र : पोलादी वाघनखात एका आडव्या पट्टीच्या दोन टोकांना कड्या असून पट्टीच्या खालच्या अंगास वाकडी पाती जडविलेली असतात. कड्या तर्जनी व करंगळी यांत घातल्या, की वरून त्या अंगठ्यांसारख्या दिसतात आणि पाती तळहाताखाली झाकली जातात. काही नमुन्यांत पट्टीच्या एका टोकाला बिचव्याचे पातेही जोडलेले आढळते. वाघाच्या नखाचे वळण व लपणे हे दोन्ही गुण यात उचलले आहेत. फरक इतकाच, की येथे लपविण्यासाठी मूठ मिटावी लागते.

या शस्त्राची कीर्ती प्रतापगडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज व विजापूरचा सरदार अफझलखान यांच्या भेटीशी निगडित आहे. या प्रसंगी महाराजांनी कोणते शस्त्र चालविले, याविषयी साधनांत एकवाक्यता नाही. महाराजांच्या आश्रयाने लिहिलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यात खानाने कट्यारीचा वार केल्यावर महाराजांनी त्याच्या पोटात कृपाण खुपसल्याचे वर्णन असून त्यात वाघनखाचा उल्लेख नाही. कृष्णाजी अनंत सभासदाने सतराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत मात्र वाघनख आणि बिचवा या दोहोंचा निर्देश आहे. पुढील बखरी व पोवाडे यांतून हीच परंपरा रूढ झाली. जेम्स ग्रँट डफ याने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात ती स्वीकारली व या शस्त्राला तीन वाकडी पाती असल्याचे लिहिले.

शिवभारताचे हस्तलिखित तंजावरास मिळाले व स. म. दिवेकर यांनी संपादिलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. तोपर्यंत वाघनखाविषयी शंका घेण्याचे फारसे कारण नव्हते. समकालीन ग्रंथ हाती आल्यानंतर प्रश्न नव्याने उभा राहिला. केवळ काळाचा विचार केल्यास परमानंदाची साक्ष अधिक जवळची ठरते. परंतु महाकाव्याच्या रीतीने लिहिणाऱ्या कवीला नायकाच्या हाती खड्ग शोभून दिसणार, मुठीत दडविलेले हत्यार नव्हे, हेही विसरून चालत नाही. उलट सभासद दरबारातील माणूस असला, तरी त्याचे लेखन घटनेनंतर तीस वर्षांहून अधिक काळाने झालेले आहे. त्यामुळे परमानंदाच्या मौनावरून वाघनख नव्हतेच, असा निष्कर्ष काढणे जितके उतावीळपणाचे, तितकेच ते निर्विवाद होते असे म्हणणेही होय.

प्रत्यक्ष वस्तूविषयीचा वाद याहून वेगळा आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ग्रँट डफच्या वंशजाकडून आलेले एक वाघनख आहे. १८१८ ते १८२२ या काळात ग्रँट डफ सातारा येथे ब्रिटिशांचा प्रतिनिधी होता. सोबतच्या पेटीवरील इंग्रजी मजकुरानुसार शिवाजी महाराजांनी ज्याने मोगल सेनापतीस मारले ते हे शस्त्र असून पेशव्यांच्या प्रधानाने ते त्यास भेट दिले. अफझलखान आदिलशाहीचा सरदार होता, मोगलांचा नव्हे. आणि पेशवा हाच छत्रपतींचा मुख्य प्रधान असल्यामुळे देणाऱ्याचा निर्देशही संदिग्ध आहे. दोन ओळींत अशा दोन चुका असलेला मजकूर प्रमाण मानता येत नाही. प्रतापगडावर वापरलेले वाघनख ते हेच, याची खातरजमा करणे शक्य नसल्याचे संग्रहालयानेही स्पष्ट केले आहे. महाराष्ट्र शासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये संग्रहालयाशी करार करून ते तीन वर्षांच्या मुदतीने उसने आणले व १९ जुलै २०२४ पासून सातारा येथील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात प्रथम प्रदर्शित केले. त्या वेळी ही वस्तू अस्सल असण्याबद्दल इतिहास-अभ्यासकांनी जाहीर आक्षेप घेतले होते.

पुणे व वन्य पशू : पेशवाईत पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत (१७७४–९५) तो विशेष नावारूपास आला. पुणे दरबारातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयास असलेला पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट याने नोव्हेंबर १७९० मध्ये या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र काढले. पशू समोर बसवून काढलेली अशी चित्रे हे त्या काळच्या पुण्यातील प्राणिनिरीक्षणाचे दुर्मिळ पुरावे होत. त्यांतील काही अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.

पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनच्या पाहणीवर असलेल्या विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) या लष्करी अधिकाऱ्याने १८३१ मध्ये येथील सस्तन प्राण्यांची सूची प्रसिद्ध केली. पुणे, अहमदनगर व धारवाड या भागांत वाघ तुलनेने कमी असल्याचे त्याने नोंदविले. खानदेशात मात्र १८२५ ते १८२९ या पाच वर्षांत १,०३२ वाघ मारले गेल्याचा सरकारी आकडा त्याने दिला आहे. प्रत्येकी अठरा या हिशेबाने ही साडेअठरा हजारांहून अधिक नखे होतात. जुन्या घरांतील दागिन्यांत वाघनखे इतकी सर्रास का आढळतात, याचा काही उलगडा या आकड्यावरून होतो.

पुणे महानगरपालिकेने १९५३ मध्ये पर्वतीलगत सारसबागेजवळ पेशवे उद्यान उभारले. तेथील प्राणिसंग्रहालय २००५ पर्यंत कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आले. जिवंत वाघाचा पंजा पुणेकरांना आता तेथेच पाहावयास मिळतो. नखे बहुधा दिसत नाहीत.

कायदा व पारख : वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वाघ व बिबळ्या हे पहिल्या अनुसूचीत असून त्यांच्या नखांचा व्यापार करणे गुन्हा आहे. वारशाने आलेले वाघनखही मालकीच्या प्रमाणपत्राशिवाय बाळगता येत नाही. तरीही ताइतासाठी मागणी टिकून असल्यामुळे बिबळ्यांची चोरटी शिकार होते व नकली नखांचाही बाजार चालतो. नकली नख बहुधा गुराच्या शिंगाचे किंवा खुराचे कोरलेले असते. अस्सल नखाच्या मुळाशी शेवटच्या अंगुलास्थीचा अंश असून क्ष-किरण चित्रात तो स्पष्ट दिसतो. कोरीव नखात हाड नसते.