मॅडम कामांची समाधी कुठे आहे?

आपल्या पारनेरचे सेनापती बापट विलायतेला शिकायला गेले आणि पॅरिसमधून बॉम्बची कृती शिकून आले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण त्या पॅरिसमध्ये आपल्या देशभक्तांना एकत्र कुणी आणलं? त्यात एक बाई होत्या. भिकाईजी कामा, मुंबईच्या पारशी घरातल्या, जन्म १८६१ चा. सरदारसिंह राणा आणि मंचेरशा गोदरेज यांच्यासोबत त्यांनी १९०५ मध्ये 'पॅरिस इंडियन सोसायटी' स्थापन केली.

गटात हे सांगितलं तर पहिला प्रश्न आला, त्यांची समाधी कुठे? सहल काढायची ना! समाधी काही दाखवता येत नाही. पारशांच्या जुन्या रीतीत देह पुरत नाहीत, जाळतही नाहीत. माती, पाणी, अग्नी पवित्र मानतात, म्हणून देह दख्म्यात ठेवतात. श्रीमंताला आणि गरिबाला रीत एकच. नावाचा दगड मागे राहत नाही.

मुळात बाईंना मरायला तरी मायदेशी येता यावं, यासाठीच केवढं झालं! १८९६ च्या प्लेगात मुंबईत रोग्यांची सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला. वाचल्या, पण तब्येत खचली, म्हणून युरोपला गेल्या. मग सरकारची अट आली: राजकारण सोडते असं लिहून द्या, तरच परत या. त्यांनी नाही म्हटलं. तीस वर्षांहून जास्त काळ परमुलखात काढला. शेवटी पक्षाघाताने हातपाय गेले, तेव्हा १९३५ मध्ये लिहून दिलं आणि घरी आल्या. कुणी याला माघार म्हणेल, आम्ही म्हणत नाही. १३ ऑगस्ट १९३६ ला मुंबईच्या पारशी जनरल हॉस्पिटलमध्ये त्या गेल्या. स्वतःच्या मालमत्तेतला मोठा वाटा मुलींच्या अनाथाश्रमाला ठेवला होता. बचत करणाऱ्या बायांनी हे ध्यानात घ्यावं.

आणि सहलीचं म्हणाल, तर पुण्याला जाऊ. २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीत श्टुटगार्टच्या परिषदेत बाईंनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. पुढे इंदुलाल याज्ञिकांनी तो लपवून इकडे आणला. पुण्यात केसरीवाड्यात जपून ठेवलाय. मधल्या पट्ट्यावर देवनागरीत 'वंदे मातरम्' लिहिलंय, ते आपल्या सगळ्याजणींना वाचता येईल. डबा घरूनच घ्यायचा.