कंबरदुखीवरील मणक्यातील इंजेक्शन : एका उपचारपद्धतीचा इतिहास आणि लोणी काळभोर परिसराचा संदर्भ

प्रस्तावना

पुणे-सोलापूर महामार्गावर पुणे शहराच्या पूर्वेस वसलेले लोणी काळभोर हे हवेली तालुक्यातील एक मोठे गाव होय. खडकवासला धरणातून निघणाऱ्या मुठा उजव्या कालव्यामुळे या पट्ट्यात ऊस व भाजीपाल्याची बागायती शेती स्थिरावली. शेजारच्या थेऊर येथील यशवंत सहकारी साखर कारखाना हा दीर्घकाळ येथील अर्थकारणाचा आधार होता. पुढे रेल्वे स्थानक व महामार्ग यांच्या सान्निध्यामुळे पेट्रोलियम कंपन्यांची साठवण आगारे येथे आली व टँकरची वाहतूक वाढली. अलीकडच्या काळात शैक्षणिक संकुले आणि विश्वराजसारखे बहुविशेष रुग्णालयही या गावात उभे राहिले.

या सर्व स्थित्यंतरांत एक गोष्ट मात्र कायम राहिली, ती म्हणजे कंबरेवर येणारा ताण. उसाची मोळी उचलणारा मजूर, दिवसभर वाकून खुरपणारी स्त्री, तासन्‌तास स्टिअरिंगमागे बसणारा टँकरचालक आणि संगणकासमोर बसणारा कर्मचारी यांचे श्रम भिन्न असले तरी त्यांची तक्रार एकच असते. जागतिक अंदाजानुसार २०२० साली सुमारे ६१.९ कोटी लोक कंबरदुखीने त्रस्त होते. अशा रुग्णांपुढे आज जे उपाय ठेवले जातात, त्यांत मणक्यातील इंजेक्शन हा एक महत्त्वाचा उपाय आहे. बोलीभाषेत त्यास 'मणक्यात सुई देणे' असे म्हटले जाते. या उपायाचा इतिहास मराठीतून फारसा मांडला गेलेला नाही. प्रस्तुत लेखात तो मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे

१. मणक्यातील इंजेक्शनच्या विकासाचे टप्पे कालक्रमाने मांडणे.
२. महाराष्ट्रात, विशेषतः पुणे परिसरात, सुईविषयीच्या लोकमानसात झालेला बदल तपासणे.
३. या उपचाराच्या मर्यादा व त्याचा श्रमिक रुग्णाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

कंबरदुखीची पारंपरिक समज

आयुर्वेदात कंबरेपासून पायापर्यंत उतरणाऱ्या वेदनेस 'गृध्रसी' असे नाव आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधीच्या अध्यायात या विकारावर सिरावेध, बस्ती व अग्निकर्म हे उपाय सांगितले आहेत. वेदनेचा मार्ग कंबरेतून मांडी, पोटरी व पावलापर्यंत जातो, हे निरीक्षण त्यात स्पष्टपणे नोंदलेले आढळते.

ग्रामीण महाराष्ट्रात याला समांतर अशी लोकपरंपरा होती. उसण भरली की पायाळू माणसाकडून कंबरेला पाय लावून घेणे, निर्गुडीच्या पाल्याचा शेक घेणे, बिब्बा लावणे अथवा डाग देणे हे उपाय सर्वत्र प्रचलित होते. यांपैकी काही उपाय निरुपद्रवी होते, तर बिब्बा व डाग यांमुळे इजा होण्याचा संभव असे. तथापि, या सर्व उपायांत एक समान सूत्र दिसते. दुखऱ्या जागी बाहेरून काहीतरी तीव्र क्रिया केली म्हणजे आतील वेदना निघून जाते, अशी ती धारणा होय. पुढील काळात इंजेक्शनला जो सहज स्वीकार मिळाला, त्यामागे या धारणेचाही वाटा असावा.

सुईचे भय आणि सुईची मागणी

पुणे परिसरात सुईचे आगमन मात्र भयाच्या वातावरणात झाले. मुंबईतील ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात संशोधन करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच वर्षी पुण्यात प्लेगचा कहर झाला. हडपसरजवळील ससाणे मळ्यात डॉ. यशवंत फुले यांनी चालविलेल्या दवाखान्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना संसर्ग झाला व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लोणी काळभोरकडे जाणारा सोलापूर रस्ता याच हडपसरमधून जातो. प्लेगनिवारणाच्या सक्तीमुळे जनक्षोभ उसळला आणि २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. अशा काळात सरकारी डॉक्टर व त्याची सुई यांच्याकडे लोक संशयाने पाहत असल्यास नवल नाही.

शतकभरात हे चित्र पूर्णपणे पालटले. देवीची लस, प्रतिजैविके आणि सलाईन यांच्या अनुभवातून सुई हीच खऱ्या उपचाराची खूण ठरली. गोळी देऊन परत पाठविणारा डॉक्टर कमी प्रतीचा, अशी समजूत रूढ झाली. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत भारतात दरवर्षी सुमारे ३०० कोटी इंजेक्शने दिली जातात व त्यांपैकी सुमारे ६३ टक्के असुरक्षित असतात, असे आढळले. भयाची जागा मागणीने घेतली, परंतु दोन्ही अवस्थांत 'ही सुई कशासाठी?' हा प्रश्न रुग्णाने विचारण्याची प्रथा रुजली नाही.

कोकेनपासून कॉर्टिझोनपर्यंत

मणक्यातील इंजेक्शनचा जन्म मूलतः शस्त्रक्रियेसाठी भूल देण्याच्या प्रयत्नांतून झाला. १८८४ साली कार्ल कोलर यांनी डोळ्याच्या शस्त्रक्रियेत कोकेनचा बधिरता आणणारा गुण दाखवून दिला. १८८५ मध्ये न्यूयॉर्क येथे लेनर्ड कॉर्निंग यांनी मणक्यांच्या दरम्यान कोकेन टोचण्याचा प्रयोग केला. १८९१ मध्ये हाइन्रिख क्विंके यांनी मणक्यातील द्रव सुईने काढण्याची रीत प्रस्थापित केली. या तयारीच्या आधारे ऑगस्ट बीअर यांनी १६ ऑगस्ट १८९८ रोजी जर्मनीतील कील येथे क्षयाने घोटा सडलेल्या एका मजुरावर मणक्यात कोकेन देऊन शस्त्रक्रिया केली. त्यानंतर त्यांनी व त्यांच्या साहाय्यकाने हा प्रयोग एकमेकांवर करण्याचा प्रयत्न केला आणि दोघांनाही पुढील काही दिवस त्रास सोसावा लागला.

बीअर यांची सुई मज्जारज्जूभोवतीच्या द्रवापर्यंत जात असे. कंबरदुखीच्या उपचारास दिशा देणारी कल्पना याहून वेगळी होती. एप्रिल १९०१ मध्ये पॅरिस येथे झां-आतनाझ सिकार व फेर्नां काथलँ यांनी स्वतंत्रपणे त्रिकास्थीच्या खालच्या छिद्रातून औषध देण्याची रीत मांडली. यात औषध मज्जावरणाच्या आत न जाता बाहेरच्या पोकळीत राहते. हीच एपिड्युरल पोकळी होय. सिकार यांनी हा मार्ग कंबरदुखी व सायटिकाच्या रुग्णांसाठी वापरला. म्हणजेच एपिड्युरल इंजेक्शन प्रारंभापासूनच सायटिकाच्या वेदनेशी जोडले गेले होते, ही बाब लक्षणीय आहे. सिकार यांनीच पुढे फोरेस्तिए यांच्या सहकार्याने १९२१ च्या सुमारास आयोडीनयुक्त तेलाच्या साहाय्याने ही पोकळी क्ष-किरणांत दृश्यमान केली.

तथापि, वेदनेचे कारण अद्याप अज्ञात होते. १९३४ साली बोस्टन येथील मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील चकती फुटून मज्जातंतूच्या मुळावर दाब येतो व त्यातून सायटिका उद्भवते, असे दाखवून दिले. आपल्याकडे ज्यास 'गादी सरकणे' म्हणतात, त्याचे हे शास्त्रीय रूप होय. १९४८ मध्ये फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवातावर कॉर्टिझोन वापरले. या क्षेत्रातील कार्याबद्दल हेंच, केंडॉल व राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर लवकरच, १९५२ मध्ये इटलीतील रोबेक्की व काप्रा यांनी मज्जातंतूच्या मुळाजवळ हायड्रोकॉर्टिझोन दिले आणि १९५३ मध्ये फ्रान्समध्ये लिएव्र यांनी ते एपिड्युरल पोकळीत दिले. आजच्या उपचाराचा पाया येथेच घातला गेला.

यातील कार्यकारणभाव समजून घेणे आवश्यक आहे. स्टेरॉइड सरकलेली गादी जागेवर बसवीत नाही, झिजलेला मणकाही भरून काढीत नाही. मज्जातंतूच्या मुळाभोवती आलेली सूज व दाह ते काही काळ कमी करते. दरम्यान अनेक रुग्णांत बाहेर आलेला चकतीचा भाग काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. म्हणून इंजेक्शनमुळे मिळणारा आराम हा प्रामुख्याने मुदतीचा आराम असतो. निसर्गास वेळ मिळावा एवढेच त्याचे मर्यादित परंतु मोलाचे कार्य आहे.

दोष सुईचा की बाटलीचा?

या इतिहासातील गंभीर दुर्घटनांचा विचार करता एक साम्य दिसून येते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल येथे प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला व पुढे काही वर्षांनी ते निर्दोष ठरले. बाटली उघडताना झालेल्या चुकीकडे पुराव्याचा रोख होता. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे मणक्यात भूल दिलेले वुली व रो हे दोन रुग्ण पांगळे झाले. औषधाच्या कुप्यांना गेलेल्या सूक्ष्म तड्यांतून फिनॉल आत शिरले, असे न्यायालयात मानले गेले; नंतरच्या अभ्यासकांनी उपकरणांच्या निर्जंतुकीकरणातील दोषाकडे बोट दाखविले. १९५४ मध्ये अपील न्यायालयाने १९४७ च्या ज्ञानाच्या निकषावर डॉक्टरांना दोषमुक्त केले.

२०१२ साली अमेरिकेत बुरशीने दूषित झालेले स्टेरॉइड अनेक राज्यांतील रुग्णांना टोचले गेले. ७५० हून अधिक लोक आजारी पडले आणि किमान ६४ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी बहुतेकांनी हे इंजेक्शन पाठदुखीसाठीच घेतले होते. तीनही घटनांत टोचणाऱ्या हाताच्या कौशल्यापेक्षा औषधाची शुद्धता व निर्जंतुकता यांचा प्रश्न निर्णायक ठरला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एपिड्युरल स्टेरॉइडमुळे क्वचित प्रसंगी दृष्टी जाणे, पक्षाघात, अर्धांगवायू किंवा मृत्यू संभवतो, असा इशाराही दिला.

पुराव्याची कसोटी

उपचार रूढ झाल्यानंतर वीस वर्षांनी त्याची काटेकोर तपासणी सुरू झाली. १९७३ मध्ये डिल्क व सहकाऱ्यांनी १०० रुग्णांवर केलेल्या अभ्यासाचा कौल इंजेक्शनच्या बाजूने लागला. १९९७ मध्ये कॅरेट व सहकाऱ्यांनी सायटिकाच्या १५८ रुग्णांचा अभ्यास केला. त्यात पायाच्या वेदनेत अल्पकाळ सुधारणा दिसली, परंतु कार्यक्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही व शस्त्रक्रियेची गरजही कमी झाली नाही. २०१४ मध्ये मणक्याचा मार्ग अरुंद झालेल्या ४०० रुग्णांच्या अभ्यासात केवळ बधिरतेच्या औषधापेक्षा स्टेरॉइडचा फारसा अधिक लाभ आढळला नाही. २०२० च्या कोक्रेन आढाव्यात २५ अभ्यासांचा एकत्रित विचार झाला. त्यानुसार पायाच्या वेदनेतील अल्पकालीन फरक १०० गुणांच्या मापावर सरासरी ५ गुणांइतका होता.

याचा परिणाम मार्गदर्शक सूचनांवर झाला. ब्रिटनच्या २०१६ च्या सूचनांनुसार निव्वळ कंबरदुखीसाठी मणक्यात इंजेक्शन देऊ नये. तीव्र व नव्याने उद्भवलेल्या सायटिकासाठी मात्र एपिड्युरलचा विचार करावा. २०२५ मध्ये 'बीएमजे' या नियतकालिकातील तज्ज्ञमंडळाने तीन महिन्यांहून जुन्या, कर्करोगाशी संबंध नसलेल्या मणक्याच्या वेदनेसाठी अशा इंजेक्शनांविरुद्ध स्पष्ट शिफारस केली. वेदनाचिकित्सेतील अनेक तज्ज्ञांनी या शिफारशीस आक्षेप घेतला असून योग्य रुग्णनिवड व क्ष-किरणांच्या मार्गदर्शनाखाली दिलेल्या इंजेक्शनांचा स्वतंत्र विचार व्हावा, अशी त्यांची भूमिका आहे. हा वाद संपलेला नाही. परंतु, पायात उतरणारी ताजी वेदना व जुनी, केवळ कंबरेपुरती वेदना यांत भेद केला पाहिजे, याविषयी दोन्ही बाजूंत मोठ्या प्रमाणात सहमती दिसते.

लोणी काळभोरच्या संदर्भात

या भेदाचे महत्त्व श्रमिक रुग्णाच्या बाबतीत अधिक आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या व्यक्तीस विश्रांतीची मुभा नसते. त्यामुळे 'एक सुई घेतली की कामाला लागता येईल' हे आश्वासन त्याला गोळ्या, व्यायाम व प्रतीक्षा यांपेक्षा अधिक आकर्षक वाटते. वेदना शमली म्हणून त्याने लगेच मोळी उचलली किंवा पुन्हा खडबडीत रस्त्यावर टँकर चालविला, तर मूळ ताण तसाच राहतो. शिवाय मधुमेही रुग्णांत स्टेरॉइडमुळे रक्तातील साखर काही दिवस वाढते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

एकेकाळी पूर्व हवेलीतील रुग्णास मोठ्या उपचारासाठी १८६७ मध्ये उभ्या राहिलेल्या ससून रुग्णालयाकडे, म्हणजे पुणे शहरात जावे लागे. आता बहुविशेष सेवा गावातच पोहोचली आहे. उपचार जवळ आला, ही निश्चितच स्वागतार्ह बाब आहे. मात्र उपचाराविषयीची माहितीही तितकीच जवळ येणे आवश्यक आहे. लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, दोन्ही मांड्यांच्या आतील भागास बधिरता येणे अथवा पायातील बळ झपाट्याने कमी होणे ही लक्षणे असल्यास इंजेक्शनची वाट न पाहता तातडीने शल्यचिकित्सकाकडे जावे लागते. ही साधी बाबही ग्रामीण रुग्णांपर्यंत पोहोचविण्याची गरज आहे.

निष्कर्ष

१. मणक्यातील इंजेक्शनचा उगम शस्त्रक्रियेतील भूल देण्याच्या प्रयोगांत असून १९०१ पासून त्याचा उपयोग सायटिकासाठी होऊ लागला. सव्वाशे वर्षांनंतरही नव्याने उद्भवलेली सायटिका हेच त्याचे सर्वाधिक समर्थनीय क्षेत्र राहिले आहे.
२. तंत्र पुराव्याच्या पुढे धावले. स्टेरॉइडचा वापर १९५२-५३ मध्ये सुरू झाला, तर त्याची काटेकोर परीक्षा १९७० नंतर होऊ लागली.
३. दुर्घटनांचा इतिहास औषधाच्या शुद्धतेचे महत्त्व अधोरेखित करतो.
४. पुणे परिसरात सुईविषयीच्या भयाचे रूपांतर सुईच्या मागणीत झाले, परंतु उपचाराविषयी प्रश्न विचारण्याची सवय त्या प्रमाणात रुजली नाही.
५. श्रमिक रुग्णाच्या बाबतीत इंजेक्शन हा कामाच्या पद्धतीतील बदल, व्यायाम व विश्रांती यांचा पर्याय ठरू शकत नाही. या गोष्टींसाठी अवधी मिळवून देणे एवढीच त्याची भूमिका असू शकते. तो अवधी रोजंदारीवरील माणसाला परवडेल अशी व्यवस्था निर्माण करणे हा केवळ वैद्यकशास्त्राचा प्रश्न नसून समाजाचाही प्रश्न आहे.