कृपेचा वाद

काम, क्रोध, लोभ इत्यादि षड्रिपूंच्या यादींत मत्सराला आपल्याकडे शेवटची जागा दिलेली आहे. यादी करणाराच्या मनांत काय होतें कोण जाणे. परंतु साधुपुरुषांचीं चरित्रें वाचतांना पुष्कळदां असें वाटतें कीं, पहिले पांच शत्रु जिंकून झाले तरी हा सहावा मागें दबा धरून राहतो, म्हणूनच त्याला शेवटीं बसविलें असावें. धनाची इच्छा सोडलेला मनुष्यहि शेजारच्या देवळांतील कीर्तनाला अधिक गर्दी जमलेली पाहून अस्वस्थ होतो. ख्रिस्ती धर्मांत तर ही गोष्ट विशेष विचित्र दिसते. त्या धर्माचा मुख्य आधार ईश्वराची कृपा. आणि कृपा म्हणजे ज्यावर आपला कांहींच हक्क नाहीं असें दान. तें दुसऱ्याला अधिक मिळालें म्हणून कष्टी होण्यास जागाच उरूं नये. असें असूनहि अठराव्या शतकांत इंग्लंडांतील दोन थोर उपदेशक एकमेकांशीं भांडले, आणि भांडले ते या कृपेच्याच अर्थावरून.

जॉन वेस्ली हा एप्‌वर्थच्या धर्मोपाध्यायाचा मुलगा, जन्म १७०३ चा. ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजांत तो फेलो होता. जॉर्ज व्हिटफील्ड त्याच्याहून अकरा वर्षांनीं लहान. ग्लॉस्टर येथील उतारूंच्या एका खाणावळींत जन्मलेला. बाप लहानपणींच वारला. पेम्ब्रोक कॉलेजांत श्रीमंत विद्यार्थ्यांचीं हलकीं कामें करून त्यानें शिक्षण घेतलें. वेस्लीचा धाकटा भाऊ चार्ल्स यानें त्याला आपल्या लहानशा भक्तमंडळींत ओढलें. प्रार्थना, उपास, तुरुंगांतील कैद्यांची विचारपूस, सर्व कांहीं नेमानें करणाऱ्या या मंडळीला इतर विद्यार्थी थट्टेनें 'मेथॉडिस्ट' म्हणत. त्यांत जॉन गुरुस्थानीं होता आणि व्हिटफील्ड शिष्य.

थोड्याच वर्षांत शिष्य गुरूच्या पुढें गेला. त्याच्या वाणींत विलक्षण सामर्थ्य होतें. चर्चचीं दारें बंद होऊं लागलीं तेव्हां १७३९ च्या फेब्रुवारींत ब्रिस्टलजवळ किंग्जवुड येथें तो कोळशाच्या खाणींतील मजुरांपुढें उघड्या माळावर उभा राहिला. पहिल्या दिवशीं दोनएकशें माणसें होतीं. कांहीं आठवड्यांत हजारों जमूं लागलीं. आतां स्वतःला दुसरीकडे जावयाचें, तेव्हां हा समुदाय कोणाच्या हातीं द्यावा? त्यानें वेस्लीला बोलावून घेतलें. वेस्ली शिस्तीचा मनुष्य. चर्चबाहेर उपदेश करणें त्याला जवळजवळ पाप वाटत असे. तरी २ एप्रिल रोजीं तो शहराबाहेरच्या एका उंचवट्यावर उभा राहिला, आणि त्याच्याच अंदाजानें तीन हजार लोकांनीं त्याला ऐकिलें. वेस्लीचें पुढचें मोठेपण ज्या वाटेनें आलें ती वाट अशी त्याच्या शिष्यानें दाखविली होती. असलें ऋण मोठ्या माणसांनाहि जड जातें.

भांडणाला निमित्त झालें तें मतभेदाचें. ईश्वरानें कांहीं जीव तारणासाठीं आधींच निवडले आहेत, हा कॅल्व्हिनचा सिद्धांत व्हिटफील्डला मान्य होता. वेस्लीला तो घोर वाटे. कृपा सर्वांसाठीं खुली आहे असें तो म्हणे. या मताविरुद्ध उपदेश करावा कीं नाहीं असा प्रश्न पडतांच त्यानें चिठ्ठी टाकली. 'उपदेश कर आणि छाप' असा कौल आला! व्हिटफील्डनें तें प्रवचन छापूं नये म्हणून परोपरीनें विनविलें होतें. ऑगस्टमध्यें तो अमेरिकेस निघाला आणि प्रवचन छापून बाहेर पडलें.

व्हिटफील्डनें जॉर्जियांतील आपल्या अनाथाश्रमांतून २४ डिसेंबर १७४० रोजीं उत्तर लिहिलें. तेवढ्यावर तो थांबता तर बरें होतें; पण त्यांत त्यानें दोघांमधील एक खाजगी गोष्ट उघड केली. १७३८ सालीं वेस्ली अमेरिकेहून परत येत असतां व्हिटफील्डचें जहाज निघण्याच्या बेतांत होतें. तेव्हांहि वेस्लीनें चिठ्ठी टाकून त्याला परत फिरण्यास लिहिलें, आणि व्हिटफील्डनें तें मानलें नाहीं. चिठ्ठीचा कौल खोटा ठरला, हें आतां सर्व जगाला कळलें. १ फेब्रुवारी १७४१ रोजीं कोणीं तरी व्हिटफील्डनें वेस्लीला लिहिलेल्या एका खाजगी पत्राच्या छापील प्रती लंडनमध्यें वेस्लीच्या श्रोत्यांना वांटल्या. व्हिटफील्ड स्वतः येथें असता तर त्यानें जें केलें असतें तेंच मी करतों, असें म्हणून वेस्लीनें आपल्या हातांतील प्रत सर्वांदेखत फाडली, आणि श्रोत्यांनींहि तेंच केलें. मार्चमध्यें व्हिटफील्ड परतला तों त्याचे श्रोते पांगलेले. दोघांची भेट झाली. तुमचा उपदेश निराळा आणि माझा निराळा, असें त्यानें तोंडावर सांगितलें. मग मूरफील्ड्सच्या बाजूस, वेस्लीच्या प्रार्थनागृहापासून फार दूर नव्हे, अशा जागीं व्हिटफील्डसाठीं लांकडी मंडप उभा राहिला.

हें सर्व केवळ सिद्धांतासाठीं झालें काय? दोन्ही पंथांचे अभिमानी तसें म्हणतात. मला तसें वाटत नाहीं. मतभेद खरा होता, याबद्दल शंका नाहीं. परंतु त्याच वसंतऋतूंत व्हिटफील्डनें वेस्लीला जें दूषण दिलें त्याचा निवडीच्या सिद्धांताशीं कांहीं संबंध नव्हता. ब्रिस्टलची सभेची खोली तुम्हीं फार सजविली आहे, असा त्याचा आक्षेप होता. वेस्लीनें उत्तरांत हिशेब दिला: सजावट ती कोणती, तर मेजाला ठोकलेलें हिरवें कापड आणि आठ आठ मेणबत्त्यांच्या दोन दिवट्या! अनंत काळाच्या निवडीवरून सुरू झालेला वाद मेणबत्त्या मोजण्यावर आला, तेव्हां खरा वादी कोण हें वाचकांनीं ओळखावें.

हा मत्सर गेला कसा? वाद मिटून गेला नाहीं, कारण वाद कधीं मिटलाच नाहीं. पहिलें पाऊल व्हिटफील्डनें उचललें. ती खाजगी गोष्ट छापल्याबद्दल त्यानें त्याच वर्षीं वेस्लीची क्षमा मागितली. १७४२ च्या एप्रिलांत दोघे तासभर गोडीनें बोलले. पण खरी कसोटी पुढेंच होती. वेस्लीच्या मंडळ्या वाढत होत्या. व्हिटफील्डच्या अनुयायांनाहि आपला निराळा पंथ आणि त्याला आपला पुढारी हवा होता. १७४९ च्या सुमारास त्यानें हें पुढारीपण सोडून दिलें. तुमचें नांव बुडेल, असें मित्रांनीं बजावलें तेव्हां बुडो, असेंच त्याचें उत्तर होतें. आणि खरोखर, वेस्लीचे अनुयायी आज जगभर आहेत. व्हिटफील्डच्या नांवाचा पंथ नाहीं.

याच वर्षीं आणखी एक प्रसंग घडला. वेस्ली एका विधवेशीं विवाह करणार होता. तिचें नांव ग्रेस मरे. (इंग्रजींत कृपेला हाच शब्द आहे, योगायोगच म्हणावयाचा.) हा विवाह चार्ल्सला पसंत नव्हता. त्यानें मध्यें पडून ३ ऑक्टोबर रोजीं न्यूकॅसल येथें तिचें लग्न जॉन बेनेट नांवाच्या उपदेशकाशीं लावविलें. ही बातमी वेस्लीला लीड्स येथें सांगण्याचें काम व्हिटफील्डकडे आलें. तो वेस्लीजवळ बसून रडला, त्यानें प्रार्थना केली. दुसऱ्या दिवशीं चार्ल्स येऊन थोरल्या भावाशीं संबंध तोडण्याची भाषा बोलूं लागला, तेव्हां व्हिटफील्ड व दुसरा एक उपदेशक यांनीं रडून, विनवून दोघां भावांना एकमेकांच्या गळ्यांत पडावयास लाविलें. आठ वर्षांपूर्वींचा प्रतिस्पर्धी घरांतील माणसासारखा उपयोगीं पडला. पुढें तीन महिन्यांनीं लंडनमध्यें एका व्यासपीठावर वेस्लीनें प्रार्थना वाचली आणि व्हिटफील्डनें प्रवचन केलें. त्या दिवशींच्या रोजनिशींत वेस्ली लिहितो कीं, निरनिराळ्या उपदेशकांना निरनिराळे गुण देण्यांत ईश्वराचें केवढें शहाणपण आहे. व्हिटफील्डच्या भाषेंतील दोषांमुळें सुद्धां कित्येकांचें कल्याण होतें. 'दोष' हा शब्द अजून सुटला नाहीं, हें पाहून हंसूं येतें. परंतु वेस्लीसारख्या काटेकोर मनुष्याकडून एवढेंहि पुष्कळ.

१७६५ च्या ऑक्टोबरांत दोघांनीं बरोबर न्याहारी केली. व्हिटफील्ड पन्नाशींतच अगदीं जर्जर दिसला, आणि आपण त्याच्याहून वडील असून धडधाकट आहों, याचें वेस्लीला नवल वाटलें. ३० सप्टेंबर १७७० रोजीं न्यूबरीपोर्ट येथें व्हिटफील्ड मरण पावला. आपल्या मृत्यूनंतरचें प्रवचन वेस्लीनें करावें, अशी त्याची इच्छा होती. तें १८ नोव्हेंबरला लंडनमध्यें व्हिटफील्डच्याच प्रार्थनामंदिरांत झालें. वेस्लीनें मित्राचे गुण मनापासून वर्णिले. निवडीच्या सिद्धांताचा मात्र उच्चार केला नाहीं. कॅल्व्हिनमताच्या एका मासिकानें त्याबद्दल त्याच्यावर टीकाहि केली. त्याच वर्षीं दोन्ही पक्षांत नवा वाद पेटला होता आणि तो पुढें कित्येक वर्षें चालला.

व्हिटफील्डच्या मृत्युपत्रांत दोन गोष्टी शेजारीं शेजारीं आहेत. जॉर्जियांतील अनाथाश्रम त्यानें हंटिंग्डनच्या उमरावपत्नीला दिला. त्यांत इमारती, जमिनी आणि गुलामहि होते. कृपेविषयीं इतकें बोलणाऱ्या माणसाला त्यांत विसंगति दिसली नाहीं. गुलामगिरीविरुद्ध वेस्लीनें १७७४ मध्यें पुस्तिका लिहिली, ती वाचावयास तो उरला नव्हता. दुसरी गोष्ट लहान आहे. जॉन आणि चार्ल्स या दोघां भावांना त्यानें एकेक शोकाची अंगठी ठेवली, आणि कांहीं मतांबद्दल आमचा भेद असला तरी अंतःकरणाचें ऐक्य तुटणारें नाहीं, त्याची ही खूण, असें खालीं लिहून ठेविलें.