बिनतारी माऊस : बिघाड व उपाय (कोगनोळी परिसर)

बिनतारी माऊस : हाताची हालचाल व बटणाचा दाब रेडिओलहरींवाटे संगणकापर्यंत पोचविणारे साधन. ‘मूषक’ वगैरे प्रतिशब्द दुकानापर्यंत पोचले नाहीत. गिऱ्हाईक ‘माऊस’ मागते आणि त्याच्या इवल्या रिसीव्हरला ‘डोंगल’ म्हणते. प्रस्तुत नोंदीत पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्गावरील कोगनोळी (ता. निपाणी, जि. बेळगाव) हे कर्नाटकातील, महाराष्ट्राच्या हद्दीलगतचे गाव समोर ठेवले आहे.

पूर्वपीठिका : डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये लाकडी माऊस घडविला. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. रेडिओलहरींवर चालणारा माऊस लॉजिटेक कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणला. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. वायफाय, ब्ल्यूटूथ आणि माऊस हे तिघेही याच पट्ट्यात नांदतात. भांडणाचे मूळही तेथेच आहे.

स्थानिक उपयोग : कर्नाटकात जमिनीच्या नोंदी २००० पासून ‘भूमी’ या संगणकप्रणालीत आहेत आणि उतारा कन्नडमध्ये निघतो. दूधगंगा नदीपलीकडे महाराष्ट्रातील कागल तालुक्यात सातबारा मराठीत. दोन्हीकडे जमीन असलेल्याला दोन राज्यांची दोन संकेतस्थळे उघडावी लागतात. कन्नड अक्षरे सावकाश लागणारा माणूस अशा पानावर कळफलकापेक्षा माऊसवर विसंबतो. बटणाची जागा डोळ्यांना पाठ झालेली असते. त्यामुळे माऊस अडला की कामही अडते. अशा वेळी डावी अल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक या कळा एकदम दाबाव्यात. विंडोजमध्ये विचारणा येते, तिला होकार दिला की अंकपटाच्या कळांनी बाण हलविता येतो. ही सोय फारशी कोणाला ठाऊक नसते.

सेल : पहिला संशय नेहमी सेलवर घ्यावा. पेन्सिल सेलचा दाब नवा असताना १.५ व्होल्ट असतो. पुन्हा भरता येणाऱ्या निकेल सेलचा मुळातच १.२ व्होल्ट. सेल उतरू लागला की बाण आधी उड्या मारतो, मग झोपतो. घड्याळातला जुना सेल माऊसला चालत नाही, कारण घड्याळाची भूक फारच कमी असते. अल्कलाइन सेल पाझरून पत्र्यावर पांढरी बुरशी धरली असल्यास ती कापसाने व थोड्या व्हिनेगरने पुसावी आणि जागा कोरडी करावी. पोटाखालचे चालू-बंद बटण बंदच राहिले आहे, हे निदानही हास्यास्पद वाटण्याइतके दुर्मीळ नाही.

रेडिओ-अडथळा : इंटेल कंपनीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणानुसार यूएसबी ३ जोडणीतून निघणारा विद्युत-गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो व बिनतारी साधनांचा पल्ला घटतो. डोंगल निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचेत आणि शेजारच्याच खाचेत जलद हार्ड डिस्क असली की बाण अडखळतो. डिस्क काढली की सुधारतो. दोष माऊसवर जातो, नवा माऊस येतो आणि तोही तसाच अडखळतो. उपाय स्वस्त आहे : डोंगल काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या खाचेत लावावे, अथवा वीतभर एक्स्टेन्शन केबलने डिस्कपासून दूर टेबलावर आणावे. टेबलाखाली पत्र्याच्या कॅबिनेटच्या मागे खुपसलेले डोंगल आणि वर लाकडी फळीवर माऊस, ही मांडणी सर्वत्र दिसते आणि सर्वत्रच वाईट आहे. वायफाय राउटर ५ गिगाहर्ट्झवर नेल्यानेही गर्दी कमी होते. ४जीचा २३०० मेगाहर्ट्झचा पट्टा माऊसच्या पट्ट्याला अगदी लागून आहे. मोबाईल डोंगलशेजारून हलवून पाहणे एवढेच याबाबत सुचविता येते. माऊसचा पल्ला सुमारे दहा मीटर.

पृष्ठभाग : माऊसच्या पोटातील संवेदक टेबलाची सेकंदाला हजारांनी चित्रे टिपतो व त्यांतील फरकावरून दिशा काढतो. काच आणि चकचकीत सनमायका यांवर त्याला फरक सापडत नाही. वहीचा साधा पुठ्ठा खाली ठेवावा. निपाणी तंबाखूची पेठ. वखारीत किंवा तशाच धुळीच्या जागी भिंगाच्या खाचेत तपकिरी थर बसतो. तो कोरड्या ब्रशने काढावा. फुंकर मारू नये, ओल आत जाते.

बटणाचा दोष : एकदा दाबले असता दोनदा उमटणे, ओढताना फाईल मध्येच सुटणे. हा मात्र खरा बिघाड. बटणाखालच्या सूक्ष्म स्विचमधील तांबट पट्टी झिजते, संपर्कबिंदू काळवंडतात आणि एका दाबाचे दोन दाब मोजले जातात. माऊस सेल वाचविण्यासाठी अगदी कमी विद्युतदाबावर चालतो, त्यामुळे काळपटपणाचा थर फुटत नाही, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. सेल किंवा खाच बदलून गुण येत नाही. तीन पायांचा स्विच डाग काढून बदलावा लागतो. मोबाईल दुरुस्त करणारा कारागीर हे काम करू शकतो, पण स्वस्त माऊससाठी तो क्वचितच तयार होतो. डाव्या-उजव्या बटणांची अदलाबदल सेटिंगमधून करून काही महिने निभावता येतात.

हरवलेले डोंगल : बहुतेक माऊस आपल्याच डोंगलशी बांधलेले असतात, डोंगल गेले की माऊसही गेला. एकाच डोंगलवर सहा साधने चालविणारी लॉजिटेकची पद्धत २००९ पासून आहे, तिच्यात दुसरे डोंगल जोडता येते. फेकण्यापूर्वी सेलचे झाकण उघडून पाहावे. पुष्कळ माऊसमध्ये डोंगल ठेवण्याची खाच तेथेच असते.

ब्ल्यूटूथ माऊस : याला डोंगल नसते, अडल्यास संगणकातील जोडणी काढून पुन्हा करावी.

विल्हेवाट : निकामी माऊसची विल्हेवाट ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार करावी. या नियमांचा अंमल १ एप्रिल २०२३ पासून आहे.