चेन्नईत अडलेलं पेटंट

आजची गोष्ट एका गोळीची आहे. तिचं नाव इमॅटिनिब. नोव्हार्टिस या स्विस कंपनीनं २००१ मध्ये ती रक्ताच्या एका कर्करोगासाठी अमेरिकेच्या बाजारात आणली. पुढे तीच गोळी त्वचेच्या एका कर्करोगावरही चालली. आणि भारतात ती कोणाला परवडणार, याचा पहिला निकाल चेन्नईत लागला.

आधी पेशीत डोकावू. ‘वाढ’ हा निरोप पेशीला बाहेरून मिळतो. पृष्ठभागावरचा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, तो घेतो आणि आतली प्रथिनं हातोहात केंद्रकापर्यंत पोचवतात. काम झालं की निरोप थांबतो. कर्करोगात तो थांबत नाही. दारावरची बेल अडकून वाजतच राहावी, तसं होतं.

डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स नावाची त्वचेची एक दुर्मीळ, हळू वाढणारी गाठ असते. तिच्यात १७ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांना जोडले जातात. त्यामुळे वाढीचा निरोप देणारं प्रथिन पेशी स्वतःच भरमसाट बनवते आणि स्वतःचीच बेल दाबत बसते. इमॅटिनिब त्या ग्राहीच्या आतल्या बाजूला बसून बेलची तार तोडतं. या गाठीवर पहिला उपाय शस्त्रक्रियाच. पण ती शक्य नसेल किंवा रोग पसरला असेल, तर ही गोळी कामी येते. तळपाय, तळहात आणि नखांखाली होणाऱ्या मेलॅनोमातही काही रुग्णांत ‘किट’ नावाचा ग्राही बिघडलेला असतो. त्यांच्यातल्या काहींना तिचा उपयोग होतो, सगळ्यांना नाही.

आता चेन्नई. १९७० च्या आपल्या कायद्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. म्हणून आपल्या कंपन्या स्वस्त औषधं करू शकत. जागतिक व्यापार करारामुळे हे बदलणार होतं. १९९८ मध्ये नोव्हार्टिसनं चेन्नईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केला. तो मूळ रेणूसाठी नव्हता, तर त्याच्या क्षाराच्या ‘बीटा’ नावाच्या स्फटिकरूपासाठी होता. २००३ मध्ये कंपनीला विक्रीचा एकाधिकार मिळाला. त्याच्या जोरावर २००४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं काही भारतीय कंपन्यांना विक्रीची मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयानं मात्र त्याच वर्षी मनाई नाकारली.

किमतीतला फरक काय होता? महिन्याचा खर्च कंपनीच्या गोळीला सुमारे १,२०,००० रुपये, भारतीय गोळीला ८ ते १० हजार. कंपनी अनेक रुग्णांना गोळी फुकट देत होती, हेही खरं. पण फुकट मिळणं हा देणाऱ्याचा निर्णय असतो. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशननं या अर्जाला चेन्नईत हरकत घेतली. सिप्ला, नॅटको अशा औषध कंपन्यांनीही घेतली.

२५ जानेवारी २००६ रोजी चेन्नई कार्यालयानं अर्ज फेटाळला. आधारांपैकी एक कलम ३(ड)चा होता. माहीत असलेल्या पदार्थाचं नुसतं नवं रूप पुरत नाही. त्याचा गुण लक्षणीय वाढला पाहिजे, असं ते कलम सांगतं. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेत या गोळीला त्या त्वचेच्या गाठीसाठी मान्यता मिळाली. म्हणजे गोळीचा उपयोग वाढत होता आणि इथे तिच्या मालकीवर वाद चालू होता.

नोव्हार्टिसनं कलमालाच आव्हान दिलं. ६ ऑगस्ट २००७ रोजी मद्रास उच्च न्यायालयानं ते फेटाळलं. २००९ मध्ये चेन्नईच्याच बौद्धिक संपदा अपील मंडळानंही पेटंट नाकारलं. शेवटी १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अफताब आलम आणि रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठानं निकाल दिला. नवं रूप शरीरात ३० टक्के जास्त शोषलं जातं, असं कंपनीचं म्हणणं होतं. न्यायालय म्हणालं, औषधाच्या बाबतीत गुण म्हणजे रोग बरा करण्याचा गुण. जास्त शोषलं जाणं एवढ्यानं तो सिद्ध होत नाही.

या निकालानं सगळी औषधं स्वस्त झाली, असं मात्र समजू नका. मेलॅनोमात ‘बीरॅफ’ प्रथिनाचा बिघाड २००२ मध्ये सापडला. त्यावरच्या गोळ्या नव्या रेणूंच्या आहेत, आणि २००५ पासून आपला कायदा नव्या रेणूला पेटंट देतो. चेन्नईनं जुन्याला नवा मुलामा देण्याची वाट अडवली. खरोखर नव्या औषधाची किंमत रुग्णाला कशी झेपावी, हा प्रश्न तिथे सुटला नाही. तो आजही आपल्यासमोर आहे.